पेटी विकत घेतली, बाग नाही

गेल्या चतुर्थीच्या आधी कुडाळजवळच्या आमच्या घरात साफसफाई चालली होती, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत एक्केचाळीस कॅसेटी, अकरा सीडी आणि माझीच एक मेलेली हार्ड डिस्क. कॅसेटी धाकट्या काकांच्या. ते लालबागला गिरणीत होते आणि दर गणपतीला गावी येताना डबलबारीच्या (दोन भजनी बुवांच्या सामन्याच्या) भजनांच्या दोन-तीन कॅसेटी पिशवीतून आणायचे. सीडी माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या. हार्ड डिस्कवर मी पैसे मोजून उतरवलेली गाणी होती. एका मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि संगणकाबरोबर तीही गेली. दुकानातून गाणी पुन्हा उतरवू म्हटलं, तर खात्याचा पासवर्ड आठवेना आणि जो मोबाइल नंबर दिला होता तो कधीच बदललेला.

वयनी दारातून म्हणाली, "कॅसेटी कित्याक ठेवलंस? टेप खंय आसा आता?"

तिचं बरोबर होतं. कॅसेट हातात होती पण वाजवायला यंत्र नव्हतं. डाउनलोडची पावती ईमेलमध्ये कुठेतरी होती पण गाणं नव्हतं. दोन्ही गोष्टी मी "विकत घेतल्या" असंच म्हणत आलो होतो. मग विकत घेतलं ते नेमकं काय?

गाणं विकत घेताना तीन वेगवेगळ्या गोष्टींचा व्यवहार होतो. एक, वस्तू: फीत, तबकडी, चकती. दुसरी, त्या वस्तूवर लिहिलेला आवाज. तिसरी, त्या आवाजाचं आपण काय करू शकतो याचा हक्क. कॅसेट किंवा सीडी घेताना या तिन्ही एकाच पुडीत बांधून मिळायच्या, म्हणून त्या वेगळ्या आहेत हे कधी जाणवलंच नाही. डाउनलोडनं ती पुडी सोडली. आवाज इकडे, हक्क तिकडे आणि वस्तू नाहीच.

आपल्याकडे आंब्याच्या व्यवहारावरून हे पटकन कळेल. बाजारातून पेटी घेतली की आतले आंबे तुमचे. खा, शेजारी वाटा, मुंबईच्या पाहुण्याला बांधून द्या, नाहीतर दुसऱ्याला विका. बागवाला काही म्हणणार नाही. पण पेटी घेतली म्हणून बाग तुमची होत नाही. सीडी म्हणजे पेटी; बाग म्हणजे कॉपीराइट, तो कंपनीकडे किंवा कलाकाराकडेच राहतो. महिन्याचे पैसे भरून मोबाइलवर गाणी ऐकणं म्हणजे बागेत बसून हवे तेवढे आंबे खाणं: घरी न्यायचे नाहीत आणि पैसे थांबले की कुंपणाबाहेर. आणि पैसे देऊन केलेलं डाउनलोड? त्यात पेटी मिळते खरी, पण वर चिठ्ठी असते: आंबे तुम्हीच खायचे, पेटी पुढे विकायची नाही. (पेटी म्हणजे हार्मोनियमही, पण बुवांची पेटी मध्ये आणली तर गोंधळ वाढेल.)

ही चिठ्ठी येते कुठून, ते पाहण्यासारखं आहे. तुम्ही मला कॅसेट दिली की ती तुमच्याकडून जाते आणि माझ्याकडे येते. जगात कॅसेट एकच राहते. म्हणून तर मुंबईच्या चोर बाजारात जुन्या तबकड्यांचा धंदा राजरोस चालतो. फाइल मात्र "देता" येतच नाही. तुमच्या संगणकावरून माझ्याकडे ती येते तेव्हा माझ्याकडे नवी प्रत तयार होते. तुमची तुम्ही नंतर पुसलीत तरी मधल्या वेळात प्रत काढली गेलेली असतेच. अमेरिकेत रीडिजी नावाच्या कंपनीनं विकत घेतलेल्या जुन्या फाइलींचं दुकान काढलं होतं. कॅपिटॉल रेकॉर्ड्स कोर्टात गेली. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयानं आणि २०१८ मध्ये अपिलाच्या न्यायालयानं सांगितलं की हे विकणं नाही, हे प्रत काढणं आहे, आणि प्रत काढण्याचा हक्क मालकाचा. दुकान बसलं.

भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या कलम १४ मध्ये ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे हक्क दिलेत: त्याचं पुन्हा मुद्रण करणं, प्रती विकणं किंवा व्यापारी भाड्यानं देणं, आणि ते लोकांपर्यंत पोचवणं. कलम ५२ मध्ये खासगी, वैयक्तिक उपयोगासाठी रास्त वापराची मुभा आहे. मी काकांच्या कॅसेटी माझ्यासाठी संगणकावर उतरवतो त्याला आधार या मुभेचा. त्याच फाइली यूट्यूबवर चढवल्या, तर ते लोकांपर्यंत पोचवणं झालं आणि तिथे मुभा संपली. गावागावात हा फरक कोणी पाळत नाही हे मलाही दिसतं. मुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते त्या त्या माणसाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं.

आता कुलूप. सुरुवातीच्या डाउनलोड दुकानांनी फाइलींना कुलपं घातली होती. गाणं तुमच्या संगणकावर, किल्ली दुकानाच्या संगणकावर. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं की एमएसएन म्युझिकमधून घेतलेल्या गाण्यांच्या किल्ल्या देणं आम्ही बंद करणार. म्हणजे ग्राहकानं संगणक बदलला की त्याची पैसे देऊन घेतलेली गाणी मुकी. ओरड झाल्यावर मुदत वाढवली, ही गोष्ट वेगळी. ॲपलचं आयट्यून्स स्टोअर २००३ मध्ये एक गाणं ९९ सेंट या भावानं सुरू झालं तेही कुलपासकट. तिथली गाण्यांची कुलपं २००९ मध्ये निघाली. आज पैसे देऊन उतरवलेलं गाणं बहुधा बिनकुलपाचं असतं. फ्लिपकार्टनं फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाइट' नावानं गाण्यांच्या एमपी३ फाइली विकायला घेतल्या आणि जून २०१३ मध्ये दुकान आवरलं. ज्यांनी फाइली वेळेवर उतरवून ठेवल्या त्यांची गाणी आजही वाजतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की, ग्राहकाला फक्त परवाना मिळणार असेल तर डिजिटल दुकानानं ते स्पष्ट सांगितल्याशिवाय "खरेदी करा" असं बटण दाखवायचं नाही. कायमची उतरवून ठेवता येईल अशी फाइल मिळत असेल तर त्यातून सूट आहे. मला हा भेद फार आवडला, कारण आपल्याकडे "डाउनलोड" हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात.

त्या दोन गोष्टी कोकण रेल्वेत बसलं की नीट कळतात. रत्नागिरीजवळ करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. आत शिरलं की रेंज जाते आणि इंटरनेटवरून थेट वाजणारं गाणं थोड्याच वेळात तोंड मिटतं. शेजारचा माणूस म्हणतो, "माझं डाउनलोड आहे," आणि त्याचं चालू राहतं. पण त्याचं डाउनलोड हे वर्गणीच्या ॲपमध्ये साठवलेलं असतं. ती फाइल ॲपशिवाय उघडत नाही, दुसऱ्या फोनवर जात नाही, वर्गणी थकली की वाजत नाही. तो बागेतलाच आंबा. नुसता खिशात ठेवलाय. याउलट माझ्या मोबाइलवर एमपी३ म्हणून ठेवलेली फाइल कुठल्याही फोनवर, गाडीच्या यूएसबीवर, शेजारच्या स्पीकरवर वाजते. बोगद्यात दोन्ही सारखीच वाजली, म्हणून दोन्ही सारखी नव्हेत. फाइल विकत घेतली का हे ओळखायची माझी साधी कसोटी: ती पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्याच्या यंत्रावर वाजते का?

आवाजाबद्दल लोक फार भांडतात, म्हणून तेही पाहू. कॅसेट १९६३ ची, फिलिप्सची. ३.८१ मिलिमीटर रुंदीची प्लास्टिकची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगानं सरकते. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडची भुकटी चिकटवलेली असते आणि आवाज त्या भुकटीच्या चुंबकत्वात लिहिला जातो. लोहाचा ऑक्साइड म्हणजे गंजाचाच भाऊबंद. ज्या किनाऱ्यावर खिडकीचे गज, सायकल आणि दाराची कडी सगळंच गंजतं, तिथे आम्ही वर्षानुवर्षं भजनं गंजावर लिहून ठेवत होतो.

सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. ती आवाज मोजते: सेकंदाला ४४,१०० वेळा, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवते. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू मिळून सेकंदाला सुमारे १४,११,००० बिट होतात. एमपी३ हे ओझं कमी करतो. नेहमीचा सेकंदाला १२८ किलोबिटवाला एमपी३ सीडीच्या अकराव्या हिश्श्यात गाणं बसवतो. टाकतो काय? जे आपल्या कानाला तसंही ऐकू आलं नसतं, ते. पखवाजावर जोराची थाप पडली की तिच्या अगदी आगेमागे आणि तिच्या जवळच्या सुरात वाजलेला बारीक आवाज कान पकडतच नाही. एमपी३ तेवढा वगळतो. हिशेब हुशारीचा आहे, पण झांजेपाशी तो गडबडतो. झांजेचा आवाज उंच, एकदम फुटणारा आणि सगळीकडे पसरलेला. त्यातलं काय वगळायचं हे गणिताला ठरवता येत नाही. गजर रंगात आला की १२८ किलोबिटच्या फाइलीत झांज तव्यावर पाणी शिंपडल्यासारखी चरचरते. हे मी अनेकांना ऐकवून पाहिलंय. एकदा कळलं की मग तेच ऐकू येत राहतं. ३२० किलोबिटला मात्र मला स्वतःला फरक सांगता येत नाही, आणि सांगता येतो म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांवर माझा विश्वास नाही. फ्लॅक नावाचा एक प्रकार आहे, तो काहीच वगळत नाही, फक्त घडी नीट घालतो; आकार साधारण निम्म्यावर येतो. साठवणुकीला तोच बरा.

तेव्हा निव्वळ आवाजाच्या शुद्धतेसाठी कॅसेट जपायचं कारण नाही. तबकडीचा "ऊबदार" आवाज वगैरे ज्यांना हवा त्यांनी जरूर घ्यावा. आमच्याकडे खरा प्रश्न दमटपणाचा आहे.

जून ते सप्टेंबर घरात पापड मऊ पडतात, पुस्तकांना वास येतो, चामड्याच्या चपलेवर हिरवी लव चढते. ट्रंकेतल्या कॅसेटींचं तेच झालं होतं. खिडकीशी धरून पाहिलं तर फितीच्या गुंडाळीवर पांढरी भुरी: बुरशी. अशी कॅसेट टेपमध्ये घातली की ती बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटीवर जाते. फितीला घट्ट दाबून धरणारी एक बारीक गादी असते, नखाएवढी, लवचीक धातूच्या पट्टीवर चिकटवलेली. तिचा गोंद सुटला की आवाज दबका, रजईतून आल्यासारखा होतो, आणि लोक म्हणतात कॅसेट खराब झाली. फीत चांगलीच असते. काकांच्या सहा कॅसेटींत ती गादी तळाशी सुटी पडलेली होती.

सीडीला बुरशीचा त्रास कमी. तिचं दुखणं निराळं, आणि आपण तिला उलट्या बाजूनं जपतो. चकचकीत बाजूला ओरखडा नको म्हणून ती वर करून ठेवतो. खरं तर त्या बाजूला १.२ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक असतं आणि सीडीप्लेअर अडीच मिलिमीटरपर्यंतची चूक स्वतःच भरून काढतो. नाजूक असते ती छापील बाजू. तिच्या लगेच खाली, लाखेसारख्या पातळ थराआड ॲल्युमिनिअम असतं. तिथे ओरखडा गेला किंवा खारी हवा शिरली की गाणंच गेलं. माझ्या अकरापैकी आठ कंपनीच्या होत्या, त्या सगळ्या वाजल्या. तीन जत्रेतल्या स्टॉलवरून घेतलेल्या, घरी संगणकावर लिहिलेल्या होत्या. त्यांत प्लास्टिकात ठसवलेले खड्डे नसतात, रंगाच्या थरावर जाळलेले ठिपके असतात, आणि तो रंग उडतो. तिन्ही कोऱ्या निघाल्या.

फाइलीला बुरशी नाही, गंज नाही. म्हणून ती टिकते असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. कॅसेट हळूहळू मरते: आधी दबते, मग खरखरते, मग अडकते, तोवर तुम्हाला कळलेलं असतं. हार्ड डिस्क काल चालू असते आणि आज नसते. पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात नुसता पडून राहिला तर त्यातला विद्युतभार गळत जातो. फाइल टिकते ती प्रती काढत राहिल्यामुळे. संगणकवाल्यांचा जुना हिशेब आहे: तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी. माझी एकच प्रत होती, एकाच डिस्कवर, आणि ती डिस्क विजेच्या बोर्डाला लावलेली. वीज निमित्त झाली.

आणखी एक गोष्ट फाइलीत हरवते: नावं. कॅसेटीच्या आतल्या कागदावर बुवांचं नाव, गाव, पखवाजी कोण, झांज कोणाची, सगळं बारीक अक्षरात छापलेलं असतं. काकांनी वर निळ्या शाईनं "ही ऐकावी" असंही लिहिलंय. मित्राकडून आलेल्या भजनांच्या फाइलींना नाव काय, तर "ट्रॅक ०३", किंवा मराठी अक्षरं न ओळखणाऱ्या जुन्या यंत्रातून गेल्यामुळे सलग सहा प्रश्नचिन्हं. फाइलीत नावं लिहायची सोय असते. कोणी लिहीत नाही. वस्तूची बाजू मी घेईन ती इथे. ट्रंक उघडणाऱ्याला कॅसेट पाहून कळतं की हे कोणाचं आणि काय आहे. बंद हार्ड डिस्ककडे पाहून वयनीला वाटलं, तो जुन्या टीव्हीचा भाग.

डबलबारीच्या या कॅसेटी छोट्या कंपन्यांनी काढलेल्या. सिनेमाची, नाट्यसंगीताची गाणी कुठल्या ना कुठल्या ॲपवर मिळतात. सारेगामानं २०१७ मध्ये काढलेल्या कारवांसारख्या डब्यात तर ५,००० गाणी भरूनच येतात, आणि ज्यांना खातं-पासवर्ड नको त्यांना तो डबा बरा वाटतो. पण काकांच्या कॅसेटींतल्या बहुतेक बाऱ्या मला कुठेच विकत मिळाल्या नाहीत. वस्तू घ्यावी की डाउनलोड, हा प्रश्न दोन्ही मिळत असतील तेव्हाच पडतो. इथे वस्तू होती आणि तिची फाइल मलाच करावी लागणार होती.

सावंतवाडीच्या एका दुरुस्तीवाल्याकडून जुना डेक मिळाला. त्याचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता, तो बदलला. बुरशीच्या कॅसेटी बाजूला काढल्या. ज्यांची गादी सुटली होती त्यांचे पाच स्क्रू काढून फीत नव्या खोक्यात बसवली. हे काम वारा नसताना, पंखा बंद ठेवूनच करावं. प्रत्येक कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवली. मग वाजवायला लावली तर आवाज दबका. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो हेडचा कोन ठरवतो. छोट्या पेचकसानं तो केसभर फिरवत गेलो. दबका, दबका, आणि एका जागी एकदम झांज उघडली. बुवांच्या पेटीचा भाता ओढल्याचा आवाजसुद्धा आला. डेकची तार संगणकाला जोडून ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मुद्रण केलं. इथे घाई चालत नाही: साठ मिनिटांची कॅसेट साठ मिनिटंच घेते. तेहतीस कॅसेटी निघाल्या, म्हणजे तेहतीस तास. सीडीच्या मापानं साठ मिनिटांचे ६३५ एमबी, सगळ्या मिळून २१ जीबी. फ्लॅक केल्यावर बत्तीस जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये बसून जागा उरली. प्रत्येक फाइलीत बुवांचं, पखवाज्याचं नाव मराठीत लिहिलं, कागदाचे फोटो काढून सोबत ठेवले.

मूळ कॅसेटी पुन्हा ट्रंकेत गेल्या, पण आता घट्ट झाकणाच्या डब्यांत, उभ्या, सिलिका जेलच्या पुड्यांसह. त्यातले रंगीत खडे ओल शोषली की रंग बदलतात. तापवले की पुन्हा कामाला येतात. पावसाळ्याआधीच्या, आगोटीच्या सामानाच्या यादीत आता त्यांचंही नाव असतं.

शिमग्याला काकांचा मुलगा डोंबिवलीहून आला होता. जाताना तिसरी प्रत त्याच्या बॅगेत दिली, कोकमाच्या बाटलीपासून लांब. तो गेल्यावर वयनी म्हणाली, "गाणी गेली मुंबईक. मगे ट्रंक रिकामी कर, माका ती तांदूळ ठेवूक व्हयी."

म्हटलं, नाय.